आधी घोषणापत्र, मग खोके

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीत ज्यांची मुले परदेशी गेली आहेत अशी घरे आता मजल्यागणिक आहेत. लेकीच्या वाढदिवसाला मी दर वर्षी ब्रिटनमधील लीड्सला पार्सल पाठवते हे कळल्यापासून कोणी ना कोणी मला जिन्यात गाठून विचारते, की तिथे सगळे मिळत असताना हा खर्च कशासाठी, आणि करायचाच झाला तर पार्सल अडकू नये म्हणून तुम्ही काय करता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या पोटात आहे, म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून करते.

बाजारात जाण्याआधी मी कस्टम्सचे घोषणापत्र लिहून काढते. पोस्टात परदेशी पार्सलसोबत जो सीएन 23 नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन, नग, निव्वळ वजन, किंमत आणि ती कोणत्या देशात तयार झाली याचे रकाने असतात, शिवाय आत भेटवस्तू आहे की विक्रीचा माल यावर खूण करायची असते. तेच रकाने घरच्या वहीत आखायचे आणि जी वस्तू एका ओळीत नेमकी लिहिता येत नाही ती यादीतून काढून टाकायची, असा माझा शिरस्ता आहे. ‘घरगुती सामान’ किंवा ‘खाऊ’ असे मोघम लिहिणे म्हणजे पार्सल उघडून पाहण्याचे आमंत्रणच होय. ‘शिवलेला सुती कुर्ता, 1 नग, 280 ग्रॅम, 1,200 रुपये’ असे लिहिले, की पुढच्या माणसाला विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

ब्रिटनचा नियम तर वाढदिवस डोळ्यांसमोर ठेवूनच केल्यासारखा आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला वाढदिवस किंवा तशाच प्रसंगानिमित्त, वैयक्तिक वापरासाठी पाठवलेली आणि घोषणापत्रावर भेट म्हणून नोंदवलेली वस्तू 39 पौंडांपर्यंतची असेल, तर तिच्यावर व्हॅट लागत नाही. आजच्या भावाने ही रक्कम साधारण साडेचार हजार रुपये होते. त्याहून जास्त किमतीच्या भेटीवर कर तर लागतोच, शिवाय तो गोळा करणारी टपाल किंवा कुरियर कंपनी आपले हाताळणी शुल्क त्यात मिळवते, आणि ते सगळे भरावे लागते ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच. एकाच खोक्यात लेक, जावई आणि नात यांच्या भेटी घालायच्या असतील, तर त्या वेगवेगळ्या बांधून, प्रत्येकीवर नाव घालून स्वतंत्रपणे नोंदवाव्यात, म्हणजे ही सवलत प्रत्येकाला वेगळी मिळते.

किमतीबाबत एका एजंटाने मला ‘मॅडम, शंभर रुपये लिहा, कोण बघतंय’ असा सल्ला दिला होता. तो मी मानला नाही, कारण खोटी नोंद पकडली गेली तर पार्सल अडकते आणि ते हरवले तर भरपाई मागताना आपणच लिहिलेला आकडा आपल्यासमोर ठेवला जातो.

खाण्याच्या बाबतीत आयांचा जीव सर्वांत जास्त गुंततो, आणि तिथेच सर्वांत जास्त कठोर व्हावे लागते. युरोपाबाहेरून येणारे दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटन टपालाने येऊ देत नाही, तेव्हा पेढे, बर्फी, खरवस, घरचे तूप यांचा विचारच नको. मी कारखान्यात बंद केलेली, घटकांची यादी छापलेली पाकिटेच पाठवते. भाजणीची चकली किंवा बाकरवडी अशी सहज जाते. परफ्यूम, स्प्रेचे डबे आणि सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या टपालात चालत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड बियाणी व वनस्पतिजन्य पदार्थांबाबत याहून कितीतरी कडक आहेत, त्यामुळे आमच्या वरच्या मजल्यावरील काकूंनी माझी यादी उतरवून मेलबर्नला वापरू नये.

कुरियरने पाठवणार असाल, तर वजनकाट्याइतकेच लक्ष खोक्याच्या मापाकडे द्या. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कंपन्या 5,000 ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनाहून जास्त असले तर पैसे त्याचे घेतात. 40 गुणिले 30 गुणिले 30 सेंटिमीटरचे खोके आत तीन किलोच असले तरी 7.2 किलोंचे धरले जाते. जांभळी नाक्यावरून आणलेले मोठे खोके म्हणूनच मी सुरीने चारही कोपऱ्यांवर चिरून, वरच्या कडा आत दुमडून, मालाच्या उंचीइतके बसके करून घेते. पोस्टात नेताना ते चिकटपट्टीने बंद करायचे नाही, कारण खिडकीवर आतला माल पाहायला मागतात. टेप, कात्री आणि आधार कार्डाची झेरॉक्स पिशवीत असावी.

आता पहिला प्रश्न. लीड्सच्या शेजारी ब्रॅडफर्ड आहे आणि तिथल्या दुकानांतून तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळे मिळते. वजनाने जड आणि तिथे मिळणारे ते सगळे माझ्या वहीत आपोआप गळते. उरतो तो राम मारुती रस्त्यामागच्या शिंप्याने शिवलेला कुर्ता, ज्यांच्या वहीत तिची मापे ती अकरावीत असल्यापासून आहेत. उरतात तीन-चार दिवाळी अंक, कारण तिचा वाढदिवस डिसेंबरात येतो आणि मराठी वाचायला तिथे दुसरे काही छापील हाती लागत नाही. आणि उरते घरच्या प्रत्येकाने आपापल्या अक्षरात लिहिलेले पत्र. यांतले काहीही तिला तिथे बसून मागवता येत नाही. पैसे पाठवले तर तिचा विम्याचा हप्ता भरला जाईल, हे तिनेच सांगितले आहे.

डिसेंबरमुळे एक अडचण मात्र येते. नाताळाच्या तोंडावर ब्रिटिश टपालावर वर्षातला सर्वांत मोठा ताण असतो, म्हणून दिवाळी आटोपली की लगेच मी पोस्टात जाते. पावतीवर दोन इंग्रजी अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी भारताची दोन अक्षरे असा क्रमांक असतो. ही रचना जागतिक टपाल संघाची असल्याने समुद्रापलीकडेही तोच क्रमांक चालतो. तो मी लेकीला लगेच कळवते, कारण ‘तुमचे पार्सल अडकले आहे, या लिंकवर शुल्क भरा’ असे फसवे संदेश तिथे सर्रास येतात. खरोखरच काही भरायचे असेल, तर टपाल कंपनीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक स्वतः टाकून पाहावे आणि मगच पैसे भरावेत.