आईचा सातचा कॉल आणि आमचा राउटर

ताई परदेशात असते. रोज संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि आईचा सगळा दिवस त्या अर्ध्या तासाकडे डोळे लावून असतो. गेले काही महिने त्या कॉलची पार वाट लागली होती. ताईचा चेहरा मध्येच थिजायचा, आवाज तुटायचा. "पाण्याखालून बोलल्यासारखी वाटते गं," आई म्हणायची. एकदा ताई काहीतरी महत्त्वाचं सांगत होती. आईने चार वेळा "काय म्हणालीस?" विचारलं आणि शेवटी नुसतंच "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. ते मला फार लागलं.

नेटवाल्या कंपनीकडे तक्रारी करून झाल्या होत्या. दरवेळी एकच उत्तर: राउटर बंद करा आणि दोन मिनिटांनी चालू करा. त्यानंतर तासभर बरं चालायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घरात सगळ्यांचं मत होतं की राउटर जुना झालाय, नवा आणावा. मलाही तसंच वाटत होतं, पण नव्यावरही हेच झालं तर? म्हणून आधी मोजायला बसले.

लॅपटॉपवर कमांडच्या दोन विंडो उघडल्या. एकीत आमच्या राउटरच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग लावलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजत राहिले. दुसरीत बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. "नेट गेलं" असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या वाटांबद्दल एकदम बोलत असतो: लॅपटॉपपासून राउटरपर्यंतची हवेतली वाट आणि राउटरपासून पुढची तारेची वाट. पहिल्या विंडोतले आकडे बिघडले तर दोष घरातला. पहिली स्थिर आहे आणि दुसरीच उड्या मारतेय, तर तो वायफायच्या पुढचा. हे एवढं समजलं आणि माझा निम्मा गोंधळ संपला. कोणाला वायफायचा त्रास असेल तर मी आता पहिल्यांदा हेच करायला सांगते.

आईच्या खोलीत पहिलीच विंडो बिघडलेली होती. ३ मिलिसेकंदाच्या जागी ३००, ४००, मध्येच उत्तरच नाही. मग राउटरच्या शेजारी जाऊन बसले. तिथे पहिली विंडो २ वर ठाम. पण सात वाजले तशी दुसरी विंडो १५ वरून थेट ६०० वर गेली. म्हणजे दोष दोन होते आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. एक आईच्या खोलीचा, एक संध्याकाळचा.

खोलीचा आधी घेतला. राउटर टीव्हीच्या मागे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात आडवा पडलेला. टीव्हीच्या मागच्या धातूने सिग्नल अडतो. शिवाय उभ्या अँटेनाचा सिग्नल सगळ्यात जास्त आडवा, चहूबाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेने फार कमी जातो. आमच्या अँटेना आडव्या, म्हणजे जोर छताकडे आणि जमिनीकडे. राउटर पॅसेजमध्ये डोक्याच्या उंचीवर मांडला, अँटेना उभ्या केल्या. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आईच्या खोलीतला सिग्नल उणे ७८ डीबीएमवरून (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) उणे ६६ वर आला. आकडा लहान दिसतो, पण दर १० डेसिबलला शक्ती दहापट होते. १२ डेसिबल म्हणजे जवळपास सोळा पट. तेही फक्त जागा बदलून.

त्याच अ‍ॅपमध्ये आजूबाजूची सतरा नेटवर्कं दिसली. आमचा राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालणारा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आमचा ४ वर आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदी घेऊन बसलेला, म्हणजे दोन्हीकडच्या गर्दीत. रुंदी २० केली, चॅनेल ११. बराच फरक पडला. तरी एवढ्या गर्दीत ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि संध्याकाळचा दोष तर तसाच होता. आता मात्र नवा राउटर घ्यायचं नक्की केलं.

निवडताना खोक्यावरचे मोठे आकडे बाजूला ठेवले. "एएक्स ३०००" लिहिलेलं असतं त्यातले ५७४ हे २.४ गिगाहर्ट्झचे आणि २४०२ हे ५ गिगाहर्ट्झचे, दोन्हींची बेरीज. फोन एका वेळी सहसा एकच पट्टा वापरतो. तो २४०२ सुद्धा १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा; ८० रुंदीवर चालणाऱ्या दोन अँटेनांच्या फोनला जास्तीत जास्त १२०१, आणि हातात पडणारा स्पीड त्याहून बराच कमी. मी बघितलं ते असं: वायफाय ६ आहे का, वॅन पोर्ट (बाहेरून येणारी वायर जोडायची जागा) गिगाबिटचा आहे का (स्वस्तातल्या काहींमध्ये तो १०० मेगाबिटचाच असतो), डब्ल्यूपीए ३ (वायफायच्या सुरक्षेची पद्धत) आहे का, कंपनी फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट किती काळ देते, आणि पाठवायच्या डेटाची रांग सांभाळण्याची सोय आहे का. ही शेवटची सोय खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. मी त्यासाठी मॅन्युअलं डाउनलोड करून वाचली, आणि माझ्या मते तीच निर्णायक ठरली.

नवा राउटर लावला. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, त्यामुळे सगळे फोन आपोआप जोडले गेले. प्रिंटर तेवढा अडून बसला. त्याला डब्ल्यूपीए ३ कळत नव्हतं, ते २ आणि ३ असं मिश्र केल्यावर तोही आला. पण स्पीड? आमचा प्लॅन ३०० मेगाबिटचा. टेस्ट ९४ दाखवत होती. वायरने जोडूनही ९४. सकाळी ९४, रात्री ९४.

दोन दिवस मी सेटिंगं उलटीपालटी करत होते. राउटरच खराब निघाला असं वाटून परत करायच्या बेतात होते. मग लक्षात आलं की गर्दीमुळे घसरलेला स्पीड असा एका आकड्यावर थांबत नाही, तो वरखाली होतो. १०० मेगाबिटच्या जोडणीतून पाकिटांवरची (डेटा अशा छोट्या तुकड्यांतच जातो) वेष्टनं वजा केली की साधारण ९४ उरतात. म्हणजे कुठेतरी जोडणीच १०० ची होती. फायबरच्या डबीपासून राउटरपर्यंतची वायर जुनी, दाराच्या कोपऱ्यात दुमडलेली. त्या वायरीत आठ तारा असतात. १०० मेगाबिटला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. फक्त गिगाबिटला लागणाऱ्या उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली की दोन्ही बाजू सहसा बिनतक्रार १०० वर उतरतात, कुठेही चूक म्हणून दिसत नाही. नवी वायर लावली आणि २८७ आला. जुन्या राउटरवर हे कधीच कळलं नसतं, त्याचा पोर्टच १०० चा होता.

उरला सातचा दोष. सातला घरात नक्की काय होतं ते मी बघत बसले. सगळे घरी येतात, फोन वायफायवर येतात आणि दिवसभरातले फोटो, व्हिडिओ एकदम वर चढवायला लागतात. आमचा अपलोड ३० चा. तो भरला की पाकिटं रांगेत उभी राहतात, आणि ती रांग लांबलचक होते, कारण मोडेम, म्हणजे ती फायबरची डबी, काही टाकून न देता साठवतच राहतो. ताईशी बोललेला आईचा एकेक शब्द त्या फोटोंच्या मागे ताटकळत होता. याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्किंगमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची युक्ती मांडली: पाकीट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजायचं आणि फार वेळ होत राहिला तर काही पाकिटं टाकून पाठवणाऱ्याला सावध करायचं. पुढे तिच्यातूनच एफक्यू-कोडेल आलं. त्यात प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र रांग मिळते. नव्या राउटरमध्ये ते होतं. चालू केलं आणि अपलोडची मर्यादा ३० ऐवजी २७ ठेवली, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्येच लागते, जिथे तिच्यावर कोणाचं तरी लक्ष आहे.

दुसऱ्या दिवशी सातला मी मुद्दामच सगळ्यांना फोटो चढवायला सांगितलं आणि लॅपटॉप घेऊन आईच्या खोलीत कोपऱ्यात बसले. पहिली विंडो ४. दुसरी २२, २५, २८. ताई बोलत होती आणि आई ऐकत होती, एकदाही "काय?" न म्हणता. थोड्या वेळाने आईने स्क्रीनवरची नजर न काढता हातानेच मला खूण केली, बाहेर जा आणि दार लोटून घे. मी लॅपटॉप मिटला.