कलूरची पिवळी गॅलरी

तिकीट आरएसी होतं. नाताळच्या तोंडावर केरळकडे जाणाऱ्या गाडीत आरएसी मिळालं हेच नशीब, असं म्हणून मी शुक्रवारी, २० डिसेंबर २०२४ ला पनवेलला नेत्रावती एक्सप्रेस पकडली. बाजूच्या खालच्या बर्थचा अर्धा भाग माझा आणि अर्धा तळोज्याला नोकरी करणाऱ्या त्रिशूरच्या एका पोराचा. समोरच्या सहा बर्थवर दोन कुटुंबं, प्लम केकचे डबे आणि एक गिटार. रोहा येईपर्यंत आम्ही दोघे पाय आखडून अवघडल्यासारखे बसलो होतो. मग त्याने बॅगेतून चार्जर काढला आणि सोबत पिवळ्या जर्सीची बाही बाहेर आली.

"ब्लास्टर्स?" मी विचारलं.

त्याने जर्सी घाईघाईने आत कोंबली. नातेवाइकाची चोरी पकडली गेल्यावर माणूस कसा बघतो, तसं बघितलं.

मीही त्याच सामन्याला निघालो होतो. रविवारी कोचीत, कलूरच्या स्टेडियमवर, इंडियन सुपर लीगचा फुटबॉल सामना, केरला ब्लास्टर्स विरुद्ध मोहम्मेडन स्पोर्टिंग. तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवलेलं. हे सांगितल्यावर त्याचा चेहरा आणखी पडला. "चेट्टा, तिकीट कशाला घेतलं?" मंजप्पडाने, म्हणजे ब्लास्टर्सच्या पाठीराख्यांच्या संघटनेने, संघटना म्हणून तिकिटं घ्यायची नाहीत आणि विकायचीही नाहीत असं जाहीर केलं होतं. संघाला पाठिंबा राहील, पण मालकांच्या गल्ल्यात आपल्या हाताने पैसे टाकणार नाही. मी अजाणता संप फोडला होता.

त्यानंतर रत्नागिरीपर्यंत मला शिकवणी होती. मराठी त्याला समजे, बोलता येत नसे. माझं मल्याळम 'चाया'पाशी संपतं. हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत त्याने हिशेब मांडला. बारा सामने, तीन विजय, दोन बरोबरी, सात पराभव. ऐन तिरुवोणमच्या, म्हणजे ओणमच्या मुख्य दिवशी, १५ सप्टेंबरला, घरच्या मैदानावर पंजाबकडून हार. बंगळुरूकडून घरी १-३ आणि बाहेर २-४. मुंबईचा सामना त्याने बोटावर मोजला तेव्हा मी गप्प राहिलो, कारण ३ नोव्हेंबरला अंधेरीच्या स्टेडियममध्ये मी होतो, मुंबई सिटीच्या बाजूला. ब्लास्टर्सच्या क्वामे पेप्राने २-२ केलं आणि आनंदाच्या भरात जर्सी काढली. आधीचं एक पिवळं कार्ड होतंच, त्यामुळे गोल केल्याकेल्या गडी बाहेर. आम्ही ४-२ जिंकलो. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो, हे त्याला सांगितलं नाही. १४ डिसेंबरला कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांपर्यंत २-१ ने पुढे असलेला संघ २-३ ने हरला, आणि १६ तारखेला स्वीडिश प्रशिक्षक मिकाएल स्टाहरे यांना नारळ मिळाला.

"मग झालं की तुमच्या मनासारखं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्याचं म्हणणं असं, की सासूवरचा राग भांड्यांवर काढला. (त्याने मल्याळममधली काहीतरी म्हण सांगितली होती, भाषांतर माझं आहे.) स्टाहरे आला मे महिन्यात. मोसम सुरू होईपर्यंत संघातून कोण कोण गेलं होतं? आदल्या मोसमात १३ गोल करून गोल्डन बूट मिळवलेला दिमित्रिओस दियामांताकोस ईस्ट बंगालला गेला. जीक्सन सिंगही ईस्ट बंगालला. त्याच्या आदल्या वर्षी सहल अब्दुल समद, घरचा पोरगा, मोहन बागानला. पीठ विकून टाकायचं आणि भाकरी करपली म्हणून स्वयंपाक्याला हाकलायचं, हा मालकांचा धंदा. प्रशिक्षकावर तो चिडलेला होताच, बचाव कसला लावतो म्हणून चांगलाच चिडलेला. पण तो राग घाटावरच्या पावसासारखा, येऊन गेला. मालकांवरचा राग मुरलेला होता, लोणच्यासारखा.

रात्री मडगाव गेल्यावर त्याने बर्थ मला दिला आणि स्वतः दाराशी जाऊन कुणाशी तरी तासभर फोनवर बोलत बसला. विषय तोच असावा. 'आशान' हा शब्द सारखा ऐकू येत होता. आशान म्हणजे कळरी, ही केरळची युद्धकला, शिकवणारा गुरू. आपल्याकडचा वस्ताद म्हणा. ब्लास्टर्सचे लोक इव्हान वुकोमानोविचला आशान म्हणत. तो तीन वर्षं प्रशिक्षक होता आणि तिन्ही वर्षं संघ प्लेऑफमध्ये गेला. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूत सुनील छेत्रीने भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला, रेफरीने तो दिला, आणि हा गृहस्थ अख्खा संघ घेऊन मैदानाबाहेर निघून गेला. संघाला चार कोटींचा दंड आणि त्याला दहा सामन्यांची बंदी. व्यवहाराने बघितलं तर वेडेपणा. पण कोचीत या गोष्टीसाठी त्याची आरती ओवाळायचीच काय ती बाकी होती. आपल्यासाठी भांडला ना! एप्रिल २०२४ मध्ये तो गेला, आणि त्याच्या जागी येणारा कोणीही सावत्रच ठरणार होता.

त्रिशूरला पोरगा उतरला. एर्नाकुळमला, म्हणजे कोचीतच, मी दुपारी उतरलो, आणि शनिवारची उरलेली दुपार झोपेत गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी सकाळी वॉटर मेट्रोने फोर्ट कोची. बोट वातानुकूलित आणि चकचकीत; खिडकीबाहेर बंदरातली जहाजं. चिनी जाळ्यांचे फोटो सगळ्यांनी काढलेले असतात, मीही काढले. मला खरं जायचं होतं मट्टनचेरीतल्या चेर्लाईला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे येऊन राहिली, तिरुमला देवस्वमच्या देवळाभोवती. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, त्यामुळे चारशे वर्षांपूर्वी वेगळी झालेली भाषा कानाला लागते का, ही उत्सुकता होती. लागते. पण अर्धवट. एका पापड-लोणच्याच्या दुकानात शिरलो, मालवणीत भाव विचारला. काउंटरमागच्या वृद्ध गृहस्थांनी चष्मा वर केला आणि "तुमी खंयचे?" म्हणून विचारलं. वेंगुर्ला म्हटल्यावर स्टूल पुढे आलं.

क्रियापदांच्या शेपट्या मल्याळमसारख्या लांबत होत्या, तरी पन्नास टक्के कळत होतं. भिंतीवर व्यंकटाचलपतीचा फोटो आणि त्याच्या बाजूला सचिन तेंडुलकर, पिवळ्या जर्सीत. २०१४ मध्ये संघ निघाला तेव्हा सचिन सहमालक होता. 'ब्लास्टर्स' हे नावही त्याच्या 'मास्टर ब्लास्टर'वरूनच. बाप्पांनी (मी त्यांना तसंच म्हणत होतो, त्यांची हरकत दिसली नाही) सांगितलं, की सचिनवरचा त्यांचा जीव फुटबॉलच्याही आधीचा. कलूरच्या याच स्टेडियममध्ये १ एप्रिल १९९८ ला त्याने ऑस्ट्रेलियाचे पाच गडी टिपले होते, ३२ धावांत. २००५ मध्ये याच मैदानावर पाकिस्तानचे पुन्हा पाच. बॅटने जग जिंकणाऱ्या माणसाने कोचीत गोलंदाजी का करावी, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सचिनने आपला हिस्सा सोडला. मग फोटो का ठेवलात, असं मी विचारलं.

"खिळो आसा," ते म्हणाले. खिळा आहे म्हणून.

फोर्ट कोचीत ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री पाप्पांजी नावाचा भलामोठा म्हातारा जाळतात, सरतं वर्ष म्हणून. त्याची तयारी वाटेत दिसली होती. यंदा स्वीडिश पाप्पांजी का, असा विनोद मी केला. बाप्पा हसले नाहीत. २०१८ च्या डिसेंबरातही प्रशिक्षक गेला होता, डेव्हिड जेम्स, याची त्यांनी आठवण करून दिली. म्हातारा डिसेंबरात जळतो आणि पुढच्या डिसेंबरात नवा म्हातारा उभा असतो. काठ्या-पेंढा पुरवणारा कोण, ते बघ. मग पापडाचं पुडकं बांधून देताना पैसे घेईनात. शेवटी घेतले, पण दहा रुपये कमी.

संध्याकाळी एम. जी. रोडवरून मेट्रो. टाउन हॉल, कलूर, आणि मग स्टेडियमचंच नाव असलेलं स्टेशन. मला वाटलं होतं डबा पिवळ्या रंगाने भरलेला असेल. नव्हता. पिवळे होते, पण मधेमधे, आणि निम्मे जण मॉलमधून परतणारे. स्टेशनखालच्या टपरीवर पळमपोरी, म्हणजे पिकल्या नेंद्र केळ्याची भजी, खात उभा राहिलो. टपरीवाला वैतागला होता. भांडणं मालकांची, आणि केळी माझी उरतात.

बाहेरचं दृश्य मात्र वेगळं होतं. चेंडा, म्हणजे केरळचा ढोल, वाजत होता, पण पूरमच्या उत्सवात वाजतो तसा नाही, एका ठेक्यावर अडकलेला. त्यामागून पोरं चालत होती, हातात फलक. काही इंग्रजी, बरेचसे मल्याळम. जे मला वाचता आले ते सगळे मालकांना उद्देशून होते. संघ नीट चालवा, नाहीतर सोडा. एका फलकावर फक्त वर्षं लिहिलेली होती, २०१४ पासून ओळीने, आणि प्रत्येकासमोर शून्य. शून्यांची ती रांग बघून माझ्या पोटात थोडं हललं, कारण त्यातल्या पहिल्या शून्याला मी हजर होतो. २० डिसेंबर २०१४, नेरूळ, डी. वाय. पाटील स्टेडियम, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. सामना ०-० ने जादा वेळेत जाणार अशी सगळ्यांची खात्री झाली असताना कोलकात्याच्या मोहम्मद रफीकने हेडर मारला. आमच्या पट्ट्यातले सगळे मल्याळी एकदम खाली बसले. वीज गेल्यावर मिक्सर बसतो तसे. २०१६ चा अंतिम सामना कोचीत, घरच्या गर्दीसमोर, पुन्हा कोलकाता, पेनल्टीवर हार. २०२२ ला फातोर्ड्यात हैदराबादविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत पुढे. बरोबरी केली साहिल ताव्होराने, पेनल्टी अडवल्या लक्ष्मीकांत कट्टीमणीने, दोघेही गोव्याचे. तीन अंतिम सामने आणि कपाट रिकामं.

आत पूर्वेची गॅलरी, मंजप्पडाची नेहमीची जागा. मी तिच्या कडेला. एरवी टीव्हीवर दिसणारी पिवळी भिंत आज जागोजाग पडलेली, मोकळ्या खुर्च्या उघड दिसत होत्या. संघ मैदानात आल्यावर मात्र जे आले होते ते घसा फाडून ओरडले. कर्णधार आद्रियान लुना कोपऱ्याकडे आला की त्याच्या नावाचा गजर, आणि चेंडू बाहेर गेला की लगेच मालकांच्या नावाने घोषणा. हे मला नवीन होतं. श्वास घेताना प्रेम, सोडताना शिव्या. प्रभारी प्रशिक्षक टी. जी. पुरुषोत्तमन केरळचेच, त्यामुळे त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं. उलट बिचाऱ्याला आगीत ढकललं असं शेजारच्या काकांचं मत.

पहिल्या अर्ध्यात काही घडलं नाही. ६२ व्या मिनिटाला लुनाचा कॉर्नर मोहम्मेडनचा गोलकीपर भास्कर रॉयच्या हातून निसटून त्याच्याच जाळ्यात गेला. काका म्हणाले, आमचं नशीब एवढं फिरलंय की आता दुसरेच आमचे गोल करतात. ८० व्या मिनिटाला नोआ सदावी, ९० व्याला कोएफ. ३-०. हरणाऱ्या संघाच्या लोकांचा संताप बघायला मी बाराशे-तेराशे किलोमीटर आलो होतो आणि संघ जिंकला होता. आता घोषणा थांबतील, असं वाटलं. शिट्टी वाजली, खेळाडू टाळ्या वाजवत गॅलरीपाशी आले, लोकांनी टाळ्या दिल्या. खेळाडू वळून आत गेले आणि घोषणा होत्या तिथून पुढे सुरू झाल्या.

परतीच्या मेट्रोत ते काका पुन्हा भेटले. माझा संघ कोणता, हे त्यांनी आत्ता विचारलं. मुंबई सिटी म्हटल्यावर त्यांनी बोटं मोजली: दोनदा लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिला नंबर, आणि दोनदा प्लेऑफनंतरचा कप. स्टेडियम किती लोकांचं? सातेक हजार, मी म्हणालो. भरतं? मी खिडकीबाहेर बघितलं.

"तुमचा तो इंग्रज कोच, बकिंगहॅम, मोसमाच्या मध्यात सोडून गेला. गेल्या वर्षी, नोव्हेंबरात. तेव्हा काय केलंत तुम्ही लोकांनी?"

मी आठवून बघितलं. बातमी मोबाईलवर आली तेव्हा मी कुर्ल्याला पुलावर होतो. वाचली, आणि पनवेल लोकल कुठल्या फलाटावर येतेय ते बघितलं.

तसं सांगितलं त्यांना. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सरकून त्यांनी मला बसायला जागा करून दिली.