रेस खाली येईना: सेकंडहँड बाइकचं आयडलिंग ताळ्यावर आणतानाचा माझा अनुभव

सकाळी चोक (थंड इंजिनासाठी मिश्रण दाट करणारा दांडा) बंद केला की गाडी लगेच बंद पडायची. तीच गाडी तापली की रेस खाली यायला तयार नसायची. थ्रॉटल पूर्ण सोडल्यावरही काटा मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर अडकायचा, काही सेकंद तिथेच रेंगाळायचा आणि मग सावकाश २,००० च्या आसपास उतरायचा. कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेली, एका सिलिंडरची १५० सीसीची गाडी आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल न देता नुसती चालू असताना, साधारण १,३०० ते १,५०० वर असावी. गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचं औषध एकच: स्क्रू फिरवून रेस कमी कर. पण आयडलिंगचा तो स्क्रू बंद थ्रॉटलला थोडासा उघडा धरून ठेवतो, त्यापलीकडे काही करत नाही. माझ्या गाडीचा स्क्रू बराच आत पिळलेला होता आणि डोक्याची खाच झिजून चकाकत होती. म्हणजे आधीच्या हातांनी एखादा दोष रेस वाढवून झाकला असणार. दोष सापडेपर्यंत त्या स्क्रूला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं.

आधी फुकटातल्या तपासण्या उरकल्या. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहिलं. वळवताना रेस वाढली तर केबल ताणली जात असते. रेस हलली नाही. ग्रिपला ढिलाई होती तीन-चार मिलिमीटर, म्हणजे योग्य. चोकचा दांडा आत जाऊन बसत होता, एअर फिल्टर मळका असला तरी चोंदलेला नव्हता.

राहिला संशय हवेचा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये जो रबरी जोड असतो, तो कुठून हवा ओढू लागला की त्या हवेच्या वाट्याचं पेट्रोल मिळत नाही आणि मिश्रण पातळ होतं. थंड इंजिनला दाट मिश्रण लागतं, म्हणून चोक बंद करताच ते मान टाकतं. तापलेल्या इंजिनला पातळ मिश्रण पेलतं, पण रेस हवेत तरंगत राहते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं, हे इथे पहिल्यांदा जुळलं.

गळती शोधायला बरेच जण कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायच्या रसायनाचा) फवारा मारतात. तो पेट घेतो, आणि समोर तापलेला सायलेन्सर असतो, त्यामुळे मी साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेतली. उघड्यावर गाडी चालू ठेवून जोडाच्या कडेकडेने थोडं थोडं पाणी मारत गेले. वरून आणि बाजूंनी मारलं, काही नाही. खालच्या बाजूला पाणी लागताच आवाज बदलला, रेस क्षणभर पडली आणि पुन्हा चढली. पाण्याने भेग तेवढ्यापुरती बुजली होती. जोड काढून हातात घेतला तर वरवर अगदी ठणठणीत. वाकवला तेव्हा क्लॅम्पच्या खाली लांबलचक चीर उघडली. अशा रबराला नुसतं बघून पास करू नये. वाकवल्याशिवाय ते खरं बोलत नाही. नवा जोड आणि त्यामागची नवी ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बसवली.

रेसचं लटकणं थांबलं. आयडलिंग मात्र वरच होतं, कारण स्क्रू अजून पिळलेलाच होता. आता तो सोडवत १,४०० पर्यंत आणला, तर इंजिन दोन-चार आचके देऊन बंद. पुन्हा पुन्हा तेच. थ्रॉटल बंद असताना इंजिनाला पेट्रोल पुरवतं ते स्लो जेट. ते चोंदलं असेल तर थ्रॉटल थोडा उघडा ठेवल्याशिवाय गाडी तग धरत नाही. आधीच्या मालकाने स्क्रू का पिळला होता, त्याचा उरलेला अर्धा उलगडा इथे झाला.

कार्ब्युरेटर उतरवला. फ्लोटच्या वाटीच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, तळाशी तपकिरी चिकटा होता. गाडी बराच काळ पेट्रोलसकट उभी राहिली की असं होतं. स्लो जेट पितळेचं असतं, त्यामुळे नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर त्याची खाच लगेच उडते. उजेडासमोर धरलं, आरपार काही दिसेना. भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. त्यात तार घालायचा मोह होतो, पण पितळ मऊ आणि भोकाचं माप ठरलेलं, म्हणून तार नकोच. क्लीनरमध्ये भिजत ठेवलं, हवेचा झोत मारला, पुन्हा भिजवलं, तेव्हा कुठे उजेडाचा गोल ठिपका दिसला. आयडलिंगला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने टेकेपर्यंत किती फेरे आत जातो, ते लिहून ठेवलं. त्याच्यासोबतची स्प्रिंग, चकती आणि चिमुकली ओ-रिंग घरंगळून हरवण्यात पटाईत असतात, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरलं होतं.

अंतिम जुळणी इंजिन पुरतं तापल्यावर केली. थंड इंजिनावर लावलेलं आयडलिंग तापल्यावर वर चढतं. माझ्या कार्ब्युरेटरवर मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे, म्हणजे बाहेर सोडवला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि हिशोब नेमका उलटा, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून फिरवण्याआधी आपला कुठला ते बघावं. स्क्रू हळूहळू फिरवत रेस सर्वांत वर जाते ती जागा गाठायची, मग आयडलिंगच्या स्क्रूने रेस उतरवायची, आणि हेच परत एकदा. थ्रॉटलला झटका देऊन सोडल्यावर काटा थेट १,४०० वर येऊन थांबला. तो वर लटकला असता तर मिश्रण अजून पातळ. खाली बुडी मारून वर आला असता तर जास्त दाट.

चढावर वरच्या गिअरमध्ये रेस वाढायची पण वेग वाढायचा नाही, ही वेगळीच तक्रार निघाली. त्याचा कार्ब्युरेटरशी संबंध नव्हता. क्लचच्या लिव्हरला ढिलाईच नव्हती, त्यामुळे प्लेटा पूर्ण दाबल्या जात नव्हत्या आणि घसरत होत्या. केबल सैल करून लिव्हरला थोडी मोकळीक दिली आणि चढावर रेस आणि वेग पुन्हा सोबत वाढू लागले. प्लेटा किती झिजल्यात ते पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी कव्हर उघडून बघणार आहे. टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) तेव्हाच, इंजिन पूर्ण थंड असताना.