हद्द ओलांडणारी नोंद

माझं काम नोंदी जुळवण्याचं. वेगवेगळ्या दवाखान्यांतून रुग्णांच्या याद्या येतात आणि एकच माणूस दोन ठिकाणी दोन नावांनी नोंदला गेला असेल तर तो ओळखायचा असतो. लग्नानंतर बदललेलं आडनाव, जन्मतारखेत दिवस-महिन्याची उलटापालट, जुना पत्ता. दिवसभर हेच चालतं. त्यामुळे शेजारशेजारच्या पोलीस दलांनी एकमेकांना माहिती कशी द्यावी, हा विषय निघाला की मला बैठका आणि करार आठवत नाहीत. मला टेबलाशी बसून नोंद टाइप करणारा कारकून आठवतो.

इंग्लंडमधल्या सोहॅम गावात ऑगस्ट 2002 मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तिथल्या शाळेचा केअरटेकर. तो आधी हंबरसाइड पोलिसांच्या हद्दीत राहायचा आणि 1995 ते 1999 या काळात त्याच्यावर लैंगिक गुन्ह्यांचे आठ वेगवेगळे आरोप झाले होते. एकातही शिक्षा झाली नाही. दर वेळी तक्रार आली, तिच्यापुरता तपास झाला, कागद बंद झाला. आठही तक्रारी शेजारी शेजारी मांडून कुणी पाहिल्याच नाहीत. पुढे तो सोहॅमच्या त्या शाळेत, म्हणजे केंब्रिजशायर पोलिसांच्या हद्दीत नोकरीला लागला, तेव्हा चारित्र्य पडताळणी करताना पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर निक्सन हे त्याचं नवं नाव तेवढं तपासलं गेलं, हंटली हे जुनं नाव तपासलंच नाही. हंबरसाइडकडे विचारणा करणारा फॅक्स पाठवला, असं केंब्रिजशायरचं म्हणणं होतं. चौकशी करणाऱ्या सर मायकेल बिचर्ड यांच्या मते तो बहुधा गेलाच नव्हता.

हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. दुसरं नाव शोधून पाहायला किती वेळ लागतो, हे मला रोजच्या कामामुळे नेमकं ठाऊक आहे.

बिचर्ड यांचा अहवाल जून 2004 मध्ये आला, त्यात 31 शिफारशी होत्या. माहिती संरक्षणाच्या कायद्यामुळे जुन्या नोंदी ठेवता आल्या नाहीत, हे हंबरसाइड पोलिसांचं कारण त्यांनी मान्य केलं नाही. त्यांना दिसलं ते वेगळंच: नोंद कशी तयार होते, कोण ती तपासतं, कधी पुसली जाते, हे दलातल्या अधिकाऱ्यांनाच नीट माहीत नव्हतं. शेजारच्या दलाला देणार काय, जर आपल्याच कपाटात काय आहे याचा पत्ता नसेल? सगळ्या दलांची गुप्तवार्ता एकत्र शोधता येईल असा पोलीस नॅशनल डेटाबेस प्रत्यक्षात यायला 2011 उजाडलं. एवढा उशीर का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही.

आणि हा धडा नवा नव्हता. 1975 ते 1980 दरम्यान पीटर सटक्लिफने तेरा बायकांचे खून केले, मुख्यतः वेस्ट यॉर्कशायरमध्ये, काही मँचेस्टरकडे. तपासाच्या काळात पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. पण माहिती होती कागदी कार्डांवर. कार्डांचे ढीग साचले आणि आधी कुणी काय विचारलं हे पुढच्या अधिकाऱ्याला कळेना. शेवटी जानेवारी 1981 मध्ये तो सापडला शेफील्डमध्ये, म्हणजे शेजारच्या साउथ यॉर्कशायर दलाच्या हाती, गाडीला खोट्या नंबरप्लेट लावल्याबद्दल. त्यानंतरच्या चौकशीतून मोठ्या तपासांसाठी सर्व दलांना एकसारखी पद्धत आली आणि 1985 पासून होम्स नावाची संगणक प्रणाली वापरात आली.

कॅनडातल्या पॉल बर्नार्डोचीही गोष्ट अशीच. नोव्हेंबर 1990 मध्ये बलात्कारांच्या तपासात त्याने टोरंटो पोलिसांना डीएनए नमुना दिला, त्याचा निकाल यायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला आणि त्या काळात त्याने शेजारच्या दलांच्या हद्दीत मुलींचे जीव घेतले. या तपासाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती कॅम्पबेल यांनी 1996 च्या अहवालात व्यक्तींपेक्षा व्यवस्थेवर बोट ठेवलं. पुढे ओंटारिओत मोठ्या तपासांसाठी सगळ्या दलांना एकच पद्धत आणि एकच सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. सक्तीचं, हे महत्त्वाचं. ऐच्छिक असतं तेव्हा ज्याच्याकडे कामाचा ढीग जास्त, तोच सगळ्यात आधी नोंद भरायचं सोडतो.

मग सगळ्यांनी सगळ्यांना सगळं उघडून द्यावं का? मला हे अजिबात पटत नाही. हंटलीवरचे आरोप सिद्ध झालेले नव्हते. असेच आरोप एखाद्या निर्दोष माणसावरही होऊ शकतात, आणि तो कुठेही गेला तरी ते त्याच्या आधी पोहोचले तर त्याचं आयुष्य धुळीला मिळेल.

म्हणून मला 2005 चा प्र्यूम करार फार आवडतो. जर्मनीतल्या प्र्यूम गावात युरोपातल्या सात देशांनी तो केला, 2008 मध्ये त्याचा गाभा युरोपियन संघाच्या कायद्यात आला. गुन्ह्याच्या जागी सापडलेला डीएनए दुसऱ्या देशाच्या साठ्याशी ताडून पाहायचा, पण त्या साठ्यात नावं नसतात, नुसता क्रमांक असतो. उत्तर येतं एवढंच: जुळलं किंवा नाही जुळलं. जुळलं तर नाव-गाव हवं असल्यास रीतसर वेगळा अर्ज करायचा. कुणी, कधी, कशासाठी विचारलं त्याचीही नोंद राहते. माणसाची अब्रू सांभाळूनही शेजाऱ्याला इशारा देता येतो.

पोलीस दलांचं संयुक्त नियोजन म्हटलं की बहुतेक वेळा मोर्चे, निवडणुका, पूर यांचा विचार होतो: कुठून किती कुमक, कुणाच्या हाताखाली, कोणत्या वायरलेस चॅनेलवर. तेही लागतंच. पण माझ्या हातात असतं तर मी शेजारच्या दलांना वर्षातून एकदा आणखी एक सराव करायला लावला असता. एखादा जुना, उकल झालेला गुन्हा घ्यायचा. त्यातली नावं बदलायची, कागद मुळात ज्या ज्या हद्दीत होते तिथे तसेच विखरून ठेवायचे, एक आडनाव मुद्दाम चुकीचं लिहायचं, एक जन्मतारीख उलटी करायची. मग ज्याला ते प्रकरण ठाऊक नाही अशा, नेहमी पडताळणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगायचं, शोध. घड्याळ लावायचं. तो कुठे अडतो, कोणाला फोन करतो, पलीकडे फोन कोण उचलतं आणि उत्तर लेखी येतं की तोंडी, हे सगळं टिपून ठेवायचं, आणि दोन्ही दलांच्या प्रमुखांनी त्या दिवशी त्याच खोलीत बसायचं.