बाबांची एक चप्पल

मागच्या थंडीत आमचे सासरे सकाळी फिरून आले ते एकाच पायात चप्पल घालून. मी दार उघडलं, म्हणलं बाबा दुसरी कुठंय, तर खाली बघून म्हणाले, "अरे, होती की आत्ता!" इंदूरला रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो पोहेवाला उभा असतो तिथे पडली होती, त्या भियानेच उचलून ठेवली होती. घरात सगळे हसले, सासूबाई म्हणाल्या उद्या डोकं विसरून याल. आता आठवलं की कसंतरी होतं, कारण बाबा काही विसरले नव्हते, चप्पल सुटलेली पायाला कळलीच नव्हती.

तसे दोन वर्षांपासून म्हणत होते की रात्री तळपायांची आग होते, चादर लागली तरी सहन होत नाही, आणि दिवसा कापसावर चालल्यासारखं वाटतं. आग होते आणि बधिरही आहे, हे दोन्ही एकत्र कसं, असं आम्हाला वाटायचं. एका डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी मोजेसुद्धा काढायला लावले नाहीत, "वय झालं काका" म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मग आम्हीच घरी उपाय सुरू केले, कोमट पाण्यात मीठ, तेलाचं मालिश, आणि जानेवारीत पाय गार पडतात म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी.

ती पिशवीच नडली. सकाळी चादरीला डाग दिसला म्हणून पाय उचलून बघितला तर टाचेजवळ दहाच्या नाण्याएवढा फोड येऊन फुटलेला, आणि बाबा निवांत चहा पीत होते!! ती जखम भरायला दोन महिने लागले. तेव्हा कुठे आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे नसांच्या डॉक्टरकडे गेलो.

तिथली तपासणी मी समोर बसून बघितली. डोळे मिटायला सांगितले, आधी कापूस फिरवला, मग टोचून बघितलं, मग घोट्याच्या मागे हातोडी मारली तर पाय हललाच नाही. मग एक नायलॉनचा जाड दोरा काढला, दहा ग्रॅमचा म्हणतात त्याला, म्हणजे टेकवून दाबला की तेवढ्या जोराला तो वाकतो. डॉक्टर तो एकेका जागी टेकवत होते, वाकत होता, आणि बाबा डोळे मिटून विचारतायत, "कधी सुरू करताय?" मला तिथेच रडू आलं. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, शाळेत फिजिक्सच्या लॅबमध्ये असायचा तसाच, तो वाजवून अंगठ्यावर ठेवला. काही नाही. घोट्यावर, काही नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाले, हां, हा वाजतोय.

डॉक्टरांनी सांगितलं की ही न्यूरोपॅथी, म्हणजे नसा खराब होणं, कमरेतून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तिथून होते, दोन्ही पायांना सारखीच, आणि मोजा चढवावा तसं वर सरकतं, साधारण गुडघ्यापर्यंत आलं की मग हाताच्या बोटांना लागतं. मी लगेच माझा उजवा हात पुढे केला, मलाही रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. त्यांनी विचारलं करंगळीला येतात का? नाही. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढंच. मग म्हणाले तुमचं वेगळं आहे, मनगटात नस दाबली जातेय, कार्पल टनेल, थायरॉइड आहे का? आहे. रात्री मनगटाला पट्टा लावून झोपते, बराच फरक आहे. म्हणजे माझा हात रोज रात्री आरडाओरडा करत होता तरी धोका कमी, आणि बाबांचे पाय गप्प होत चालले होते तेच खरं काळजीचं होतं.

रक्त तपासलं, शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइड आणि व्हिटॅमिन बी१२. बाबांना डायबेटिस सोळा वर्षांपासून, शुगर ती थोडी वाढलेली होतीच, पण बी१२ एकदम तळाला. पूर्ण शाकाहार, वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी, आणि ॲसिडिटीची गोळी रोज, तिन्हीनं बी१२ कमी पडू शकतं. हिमोग्लोबिन छान होतं म्हणून कुणाला शंका आली नाही, पण हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी बी१२ कमी असू शकतं. इंजेक्शनं सुरू झाली. आणि हो, मेडिकलवाल्याकडून "नसांच्या गोळ्या" आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, त्यात व्हिटॅमिन बी६ असतं बऱ्याचदा आणि ते फार झालं तर त्यानंच नसा खराब होतात.

आगीसाठी रात्री प्रेगाबालिन दिली. पहिल्या आठवड्यात बाबा भिंत धरून चालायला लागले, डोस कमी केला. त्यांचं भांडण वेगळंच, "यानं नस दुरुस्त होत नाही ना, मग घ्यायची कशाला?" बरोबर आहे, नस दुरुस्त होत नाही, पण झोप लागते की! मनानं एकदम बंद मात्र करायची नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन नावाची एक असते, ती त्यांच्या प्रोस्टेटमुळे टाळली. कुणाला ड्युलोक्सेटिन देतात, पाकिटावर डिप्रेशन वाचून घाबरू नका, नसांच्या दुखण्यालाही तीच चालते.

नणंद पुण्यात सिंहगड रोडला राहते, जानेवारी २०२५ मध्ये तिकडे जीबीएस या नसांच्या आजाराची साथ होती तेव्हापासून मुंग्या म्हणलं की तिचा फोन येतो. ते प्रकरण निराळं, जुलाब वगैरे होऊन गेल्यावर काही दिवसांत, कधी काही तासांतच पायांतली ताकद जायला लागते आणि वर चढते, तिथे अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही, सरळ मोठं हॉस्पिटल. अचानक एकच बाजू बधिर झाली किंवा तोंड वाकडं झालं तरी तेच. आणि अंगावर फिकट चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, लाजू नका, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

बाबांना आता मागे पट्टा असलेली एमसीआरची (एका मऊ रबराची) चप्पल आहे, घरातसुद्धा घालतात. आंघोळीच्या पाण्यात आधी सासूबाईंचं कोपर जातं. रात्री आरसा खाली ठेवून तळवे बघायचे, हे काम नातवाचं, तो टॉर्च घेऊन बसतो. बूट घालायच्या आधी उलटा करून आपटायचा, परवा त्यातून रतलामी शेवेचे दाणे आणि एक लेगोचा तुकडा निघाला. देवळाचंच जमत नव्हतं. मे महिन्यात अन्नपूर्णेला अनवाणी, तापलेल्या फरशीवर, आणि यांना चटका कळणार नाही! बरीच वादावादी झाली, शेवटी जाड मोजे घालून, ते पण सकाळी सातच्या आत, असं ठरलं.

गेल्या आठवड्यात परत दाखवायला गेलो. तोच फोर्क. अंगठ्यावर काही नाही. घोट्यावर ठेवला तर बाबा जरा थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "लांबून कुठूनतरी येतोय."