‘एकच प्याला’ पडद्यासाठी लिहिताना: माझा अनुभव

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाची पटकथा लिहायला घेतली तेव्हा ज्याला त्याला सांगावं तो एकच सल्ला द्यायचा: संवाद कापा. गडकऱ्यांची भाषा पडद्याला पेलणार नाही, प्रेक्षक उठून जातील. मी तो सल्ला मानला नाही. गडकऱ्यांना गप्प करून ‘एकच प्याला’ करण्यापेक्षा दारूवरची दुसरी एखादी गोष्ट नव्याने लिहावी, असं मला आजही वाटतं.

आधी हक्कांचं सांगतो, कारण ते सगळ्यांनाच लागेल. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात हे नाटक रंगभूमीवर आणलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे संहिता केव्हाच मोकळी झाली आहे. पण नाटकातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. ते १९६२ मध्ये गेले, म्हणजे पदांवरचा हक्क २०२२ अखेरपर्यंत होता. संगीत नाटकाला हात घालणाऱ्याने पदकर्ता वेगळा आहे का, हे आधी तपासावं. जुनी ध्वनिमुद्रिका वापरायची तर तिचा हक्क आणखी निराळा. हे सगळं वकिलाकडून लेखी घेतलं आणि मगच लिहायला बसलो.

नाटकातलं पात्र समोरच्याशी बोलत असलं तरी त्याचा आवाज शेवटच्या रांगेसाठी लागलेला असतो. स्वगतात तर तो आडपडदाही राहत नाही. कॅमेरा चेहऱ्याजवळ आला की तेच बोलणं उघडं पडतं आणि आपण म्हणतो, भाषा जड आहे. मी संहिता मोठ्याने वाचत गेलो तसं मला दिसायला लागलं की भाषा तितकी आड येत नाही. थिएटरातला श्रोता निघून गेला आणि त्याची जागा रिकामी राहिली, ती टोचते. म्हणून प्रत्येक लांब भाषणाशेजारी समासात एकच प्रश्न लिहायचो: हे कोण ऐकतंय?

दारूत बुडालेला नायक सुधाकर आपला मित्र रामलाल याला व्यसनाच्या अवस्था समजावून सांगतो तो प्रवेश घ्या. मराठीत व्यसनाबद्दल याहून निर्दय काही लिहिलं गेलं असेल तर ते माझ्या वाचनात नाही. सुधाकर वकील आहे. स्वतःच्या नाशाची बाजूही तो मुद्देसूद मांडतो, त्यामुळे ही भाषा त्याच्या तोंडी मुळातच शोभते. पटकथेत मी भाषण जवळपास तसंच ठेवलं आणि कॅमेरा रामलालवर ठेवला. ऐकता ऐकता त्याची उपदेश करायची उमेद कशी विझत जाते, ते दिसलं पाहिजे. शिवाय माझी एक भर: दाराआड सुधाकरची बायको सिंधू उभी आहे. नवरा आता परत फिरणार नाही, हे ती त्याच्याच तोंडून ऐकते.

या एका बदलाने सिंधूचं कोडं सुटायला लागलं. आजचा प्रेक्षक विचारणारच, ही बाई एवढं का सोसते? तिला बंडखोर करा, असंही सुचवलं गेलं. मला ते पटेना. शेवटी मार खाऊन मरणाच्या दारात असताना ती फौजदारापुढे नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते, ते काढलं तर नाटकात उरतं काय? पण आता हे खोटं भाबडेपणातून येत नाही. सगळं ठाऊक असलेल्या बाईचं ते खोटं आहे. ते पाहताना प्रेक्षकाला रागही आला तरी चालेल.

सिंधू दळण दळते त्या प्रवेशासाठी आम्ही एका वाड्यातलं जातं मिळवून चाचणी चित्रण केलं. तिथल्या आजींनी नटीला शिकवलं: एका हाताने खुंटा फिरता ठेवायचा, दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायची, लय मोडू द्यायची नाही. वैरण संपली की आवाज बदलतो, दगडावर दगड खरखरतो. ती खरखर ऐकून मी तिथला एक पूर्ण संवाद काढला. घरात दाणा उरला नाही, हे सांगायला तिथे शब्दांची गरजच नव्हती. पदांचाही निकाल ‘हे कोण ऐकतंय?’ याच प्रश्नाने लागला. ‘चंद्र चवथिचा’ ऐकायला मांडीवर मूल आहे, म्हणून ते राहिलं, तेही बिनसाथीचं. गाणारीपाशी ऐकणारं कुणी नाही, अशी पदं गेली. सिंधूची पदं गाजवणाऱ्या बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्यांना हे सोसणार नाही, याची मला कल्पना आहे आणि त्यांचं दुःख मला परकं नाही.

सुधाकरची बहीण शरद आणि भगीरथ यांचं उपकथानक बरंच आटोपतं घेतलं. सुधाकरचा दारूतला सोबती तळीराम आजारी पडतो, त्याच्या अंथरुणाशी डॉक्टर आणि वैद्य भांडतात तो प्रवेश मात्र सोडवेना. नाट्यगृहात तिथे हशा पिकतो. पडद्यावर मी दोघांना चौकटीच्या कडेला ठेवलं आणि मधे तळीरामाचा चेहरा. त्याला सगळं ऐकू येतंय.

‘मोकळं करा, बाहेर न्या’ हा सल्लाही बराच मिळाला: बाजार दाखवा, नदी दाखवा. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने १९५७च्या, जवळपास एकाच खोलीत घडणाऱ्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये उलटी वाट धरली होती. चित्रपट पुढे सरकतो तशा जास्त लांब पल्ल्याच्या लेन्स वापरून त्याने ती एक खोली माणसांच्या अंगावर आणली. आमच्या कॅमेरामनने सुधाकरच्या घरासाठी तेच सुचवलं. वस्तू विकल्या जाऊन घर रिकामं होत जाणार, तरी भिंती जवळ येत जाणार. मला हे फार आवडलं. बाजार पटकथेतून गेला.

सध्या सिंधूची निवड चालू आहे. ऑडिशनला आलेल्या नटीला आम्ही संवाद देत नाही. समोर कुणीतरी सुधाकरचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि तिने दाराआड उभं राहून ते ऐकायचं.