लॉज सोडून पुन्हा ख्रिस्तप्रसादापर्यंत: माझा अनुभव

अकरा वर्षं मी फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी असलेल्या एका जुन्या बंधुसंघटनेचा सभासद होतो, आणि मी कॅथलिक असल्याने त्या अकराही वर्षांत दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर) घेत होतो. दोन्ही एकाच वेळी चालत नाही हे मला नीट माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचंही नव्हतं. बाहेर पडायला जवळजवळ पाच महिने लागले. त्या काळात काय काय करावं लागलं ते लिहितोय, कारण माझ्यासारखा कुणी अडकलेला असेल तर सुरुवात कुठून करायची हे तरी त्याला कळेल.

लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेत, मला कामावरच्या एका वरिष्ठांनी नेलं. माणूस सज्जन, शब्दाला पक्का. "आपल्या चर्चला चालतं का हे?" असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "जुन्या कायद्यात मनाई होती, नव्यात मेसन हा शब्दच नाही." ते खोटं बोलत नव्हते. 1917 च्या चर्च कायद्यातल्या कलम 2335 प्रमाणे मेसन होणारा आपोआप बहिष्कृत ठरायचा. 1983 च्या नव्या संहितेत कलम 1374 मध्ये चर्चविरुद्ध कारवाया करणाऱ्या संघटना एवढाच उल्लेख आहे, नाव कुणाचंच नाही. माझं तेवढ्यावर समाधान झालं. पुढे काही वाचायच्या फंदात मी पडलो नाही.

दीक्षेची संध्याकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. बाहेरच्या खोलीत सांगितलं गेलं, अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. घड्याळ काढलं, खिशातली नाणी काढली, लग्नाची अंगठी काढली. शेवटी गळ्यातला चांदीचा क्रूस. तो आईने माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी घातलेला. तबकात ठेवताना त्याची साखळी नाण्यांवर घसरली तो बारीक आवाज मला ऐकू आला. मग डोळ्यांवर पट्टी, छातीची डावी बाजू आणि डावा गुडघा उघडा, गळ्यात दोरीचा फास. संकटात भरवसा कोणावर, असं विचारलं गेलं. "देवावर," मी म्हणालो. गुडघा टेकून, बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. जी रहस्यं अजून मला सांगितलीच नव्हती, ती कुणाला सांगणार नाही अशी ती शपथ. शपथ मोडणाऱ्याचा गळा कापण्याची जुनी भाषा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेने, 1986 मध्ये शपथेतून काढून टाकली होती, त्यामुळे ती माझ्या तोंडी आली नाही. मग प्रश्न आला, तुझ्या मनाची सगळ्यांत मोठी इच्छा काय? शेजारच्याने कानात उत्तर सांगितलं, "प्रकाश." पट्टी सुटली, सगळ्यांनी एकदम टाळी वाजवली, आणि समोर उघडं बायबल, त्यावर मेसनांची चिन्हं, गुण्या आणि कंपास. माझे डोळे भरून आले होते. हे मी लपवणार नाही.

धातू का काढायला लावला तेही नंतर समजलं. दानासाठी हात पुढे केला जातो आणि आपल्याकडे द्यायला काही नसतं. उद्या एखादा गरजू दिसला तर हा क्षण आठव, असं सांगतात. शिकवण चांगलीच आहे, आणि ते लोक ती पाळतात. आमच्यातल्या एका दिवंगत सभासदाच्या मुलांचं शिक्षण लॉजने पूर्ण केलं, कुठे वाच्यता न करता. म्हणूनच मेसन म्हणजे सैतानाचे पूजक, असं कुणी ठोकून दिलं की मला आजही राग येतो. त्या कथांचं मूळ बऱ्याच अंशी लिओ ताक्सील या फ्रेंच लेखकात आहे. 1885 पासून बारा वर्षं त्याने असली 'गुपितं' छापून श्रद्धाळूंना भुलवलं आणि एप्रिल 1897 मध्ये पॅरिसच्या भर सभेत सगळं बनावट होतं अशी कबुली दिली. माझं बाहेर पडण्याचं कारण सैतान नव्हता.

कारण एक प्रार्थना होती. दहाव्या वर्षी मला चॅप्लेन केलं, म्हणजे सभेच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना म्हणायची. 'विश्वाच्या महान शिल्पकाराला' (देवाला मेसन असं म्हणतात) उद्देशून ती लिहिलेलीच असते. पहिल्याच दिवशी वाचता वाचता सवयीने माझ्या तोंडून शेवटी निघून गेलं, "आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे." सभा संपल्यावर त्याच वरिष्ठांनी बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्रदर, इथे सगळ्या धर्मांचे बसतात. ते नाव नको." मी लगेच "बरोबर आहे" म्हणालो. त्यांच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. 1723 च्या त्यांच्या घटनेतही ज्या धर्माबद्दल सगळ्यांचं एकमत आहे तेवढाच पाळावा, असं लिहिलंय, आणि ती घटना लिहिणारे जेम्स अँडरसन स्वतः प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मगुरू होते.

पण त्या रात्री झोप लागली नाही. ख्रिस्ती माणसाची प्रार्थना बापापर्यंत जाते ती ख्रिस्ताच्या द्वारे. ते नाव वगळायचं मी कबूल केलं होतं, तेही इतक्या सहज. आणि तो 'प्रकाश'? स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) दिवशी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवरून पेटवलेली वात माझ्यासाठी धरली होती, ख्रिस्ताचा प्रकाश स्वीकारा म्हणून. मग त्या संध्याकाळी पट्टी बांधून मी कुठल्या अंधारात उभा होतो?

तरी वर्षभर मी टाळाटाळ केली. नोव्हेंबर 2023 मध्ये फिलिपिन्समधल्या एका बिशपांनी विचारलेल्या प्रश्नावर व्हॅटिकनचं उत्तर आलं, पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने. त्यात 1983 च्या ज्या घोषणेचा दाखला होता ती शोधून वाचली. तारीख 26 नोव्हेंबर 1983, सही व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर यांची. नवी संहिता लागू झाली त्याच्या आदल्याच दिवशी चर्चने स्पष्ट केलं होतं की नाव गाळलं तरी निर्णय तोच आहे: मेसन संघटनेत सामील होणारा गंभीर पापाच्या स्थितीत असतो आणि त्याला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. स्थानिक बिशपांनाही यात सूट देण्याचा अधिकार नाही. म्हणजे मी पहिल्यांदा लॉजची पायरी चढलो त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर तयार होतं.

फादरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला वाचावं लागेल, आठवड्याने या." हे मला फार आवडलं. आठवड्याने गेलो तेव्हा मनात दोन भीत्या होत्या. मी बहिष्कृत आहे का? ते म्हणाले, आजच्या कायद्यात केवळ सभासद झाल्याने आपोआप बहिष्कार नाही. पण ख्रिस्तप्रसाद आजपासून थांबवा, आणि नुसतं जाणं बंद करून भागणार नाही, लेखी राजीनामा द्या.

दुसरी भीती शपथेची. बायबलवर हात ठेवून दिलेला शब्द मोडला तर ते पाप नाही का? यावर फादर बराच वेळ बोलले. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू शपथच वाहू नका म्हणतो, होय तर होय, नाही तर नाही. मग त्यांनी बायबलमधल्या हेरोद राजाची गोष्ट काढली. शपथ घेतली होती आणि पाहुण्यांसमोर शब्द जाईल, म्हणून त्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर उडवलं. "शपथ पाळली म्हणून तो सुटला का?" मी काहीच बोललो नाही. लंडनची पहिली ग्रँड लॉज 24 जून 1717 ला, याच योहानाच्या जन्माच्या सणादिवशी स्थापन झाली, आणि आम्ही तो दिवस दरवर्षी मानायचो. फादर पुढे म्हणाले, "माणसांची नावं आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेलं तुमच्याकडेच ठेवा. कुणाचा घात करायला तुम्ही बाहेर पडत नाही आहात." एवढ्याने छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

सगळ्यांत अवघड काम घरी होतं. पत्नीला मी सभासद असल्याचं माहीत होतं, बाकी काही नाही. मेसन सभेत कमरेला बांधतात त्या एप्रनची काळी बॅग तिच्यासमोर उघडली, पांढरं कातडी एप्रन पलंगावर पसरलं आणि सगळं सांगितलं. ती एप्रनच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "अकरा वर्षं हे कपाट मीच आवरतेय. एकदाही ही बॅग उघडली नाही, कारण तुम्ही नको म्हणाला होतात." रागावली असती तर बरं झालं असतं. एका नात्यात गुप्तता पाळायचं वचन दिलं की त्याची किंमत दुसऱ्या नात्यात मोजावी लागते, हे तेव्हा उमगलं.

राजीनामा तीन ओळींचा लिहिला. कारण एकच दिलं: माझ्या ख्रिस्ती श्रद्धेशी हे जुळत नाही. वर्गणी चुकती केली, एप्रन परत पाठवलं. सेक्रेटरींचं पत्र सभ्य होतं. वरिष्ठ मात्र घरी आले आणि तासभर बसले. अँग्लिकनांचे कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर स्वतः मेसन होते, त्यांचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्यांच्याच चर्च ऑफ इंग्लंडने 1987 मध्ये अहवाल काढून गंभीर शंका घेतल्या. पण मी त्यांच्या चर्चचा नाही, मला माझं उत्तर द्यायचंय. जाताना त्यांनी हात मिळवला. साधा, मेसनांच्या खुणेशिवाय. आमची मैत्री अजून टिकून आहे.

पापनिवेदन शनिवारी संध्याकाळी केलं. यादी लांब होती, कारण अकरा वर्षांचे ख्रिस्तप्रसादही त्यात होते. दुसऱ्या दिवशी मिस्सेत आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. फादरांनी सुरुवातीची प्रार्थना म्हटली आणि शेवटी आले ते शब्द, "आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्या द्वारे." माझं "आमेन" इतकं मोठ्याने निघालं की शेजारी बसलेल्या मुलाने वळून माझ्याकडे पाहिलं.